रंग आधी मोज, मग मशीन उचल

पॉलिशच्या मशीननं बिघडलेला गाडीचा रंग मशीननंच सुधारतो हे खरं, पण दर वेळी नाही. कुठला सुधारेल आणि कुठला नाही, ते मशीनची पिन लावायच्या आधी ओळखावं लागतं. लेकरा, तू नाक्यावर दुकान टाकतोयस, म्हणून हे आत्ताच कानात घालतो. कनेरगाव नाक्यावर गाडी दोन्हीकडून येते, वाशिमकडून आणि हिंगोलीकडून. एके काळी इथं निजामाचा मुलूख संपून वऱ्हाड लागायचं. आता मराठवाडा संपतो आणि विदर्भ लागतो. अशा हद्दीवरच्या, वाहत्या रस्त्यावरच्या गावात येणारी गाडी तुझ्या ओळखीची नसते. तिच्यावर आधी कुणी काय रगडलंय ते पुष्कळदा मालकालाही ठाऊक नसतं. जुनी गाडी असली तर विकणाऱ्यानं गिऱ्हाइकापुढं उभी करण्याआधी तिला रबिंग मारून, म्हणजे कंपाऊंडनं रगडून, चकाचक केलेलंच असतं. चार वेळा धुतली की ती चमक उतरते, बॉनेटवर जाळी दिसायला लागते, आणि मग मालक तुझ्याकडं येऊन म्हणतो, “जरा एक हात फिरवून द्या.” तो एक हात फिरवायचा की नाही, इथंच कारागीर कळतो.

आपल्याकडं रबिंगची एवढी सवय का लागली, ते आधी समजून घे. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या जमान्यात गॅरेजात एन.सी. रंग चालायचा, नायट्रोसेल्युलोजचा. अमेरिकेत 1920 च्या दशकात ड्यूपाँट कंपनीनं ‘ड्यूको’ नावानं तो मोटारींसाठी आणला. फर्निचरवर फवारलेल्या रंगाला आपले सुतार अजून ड्यूकोच म्हणतात. हा रंग थिनर उडून वाळायचा आणि मारल्यावर मंद दिसायचा. चमक यायची ती वॉटर पेपर आणि रबिंगनंच. त्यामुळं मारतानाच चार हात जास्तीचे मारून ठेवायचे, रबिंगमध्ये उडाले तरी बिघडत नसे. रंग वरपासून खालपर्यंत एकच. फडक्यावर रंग उतरला की उस्ताद खूश, कारण वरचा मेलेला थर निघतोय. त्या रंगावर हात बसलेल्या माणसांनी ती पद्धत तशीच पुढं आजच्या गाड्यांवर चालवली, आणि तिथंच घोळ झाला.

आजची गाडी अशी रंगते. पत्रा विजेच्या टाकीत बुडवून गंज रोखणारा थर देतात, तो 20 मायक्रॉनच्या आसपास. त्यावर प्रायमर, 30 ते 40. मग खरा रंग, ज्याला बेस कोट म्हणतात, तो जेमतेम 15 ते 20. सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर, तुमच्या गॅरेजच्या बोलीत लॅकर, 35 ते 50. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सगळे थर धरले तरी कारखान्यातून निघालेल्या गाडीवर बहुधा शंभर-सव्वाशे मायक्रॉन भरतात, काही गाड्यांवर त्याहून कमी. गाडीची चमक त्या क्लिअरमध्ये, आणि उन्हाचे अतिनील किरण अडवणारं द्रव्यही त्यातच. क्लिअर म्हणजे मुद्दल आहे. कारखान्यानं एकदा दिलं, त्यानंतर फक्त खर्च. कडक कंपाऊंडचा एक हात त्यातले दोन-चार मायक्रॉन नेतो. गाडीच्या सगळ्या आयुष्यात चौथ्या हिश्श्याच्या वर त्याला हात लावायचा नाही, असं मी धरून चालतो. तुझ्या आधी कुणी किती खर्चून बसलाय ते कुठं लिहिलेलं नसतं. म्हणून मोजायचं.

मोजायचं यंत्र मिळतं, पेंट गेज म्हणतात, मशीनच्या मानानं स्वस्तच. मशीनआधी ते घे. लोखंडी पत्र्यावर चालतं, चांगलं असेल तर अ‍ॅल्युमिनियमवरही. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं गेज काहीच दाखवत नाही. एका पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी लाव, टपावर लाव, चारी दारांवर लाव. टपावर सहसा कुणी फारसं रगडलेलं नसतं, म्हणून तो आकडा मूळचा समज. टप 115 दाखवतोय आणि बॉनेट 95, तर मधले वीस कुठं गेले ते तुला कळलंच. दाराच्या आतल्या बाजूशी तुलना करू नकोस. तिथं कारखान्यातच रंग पातळ असतो. दोनशेच्या वर आकडा गेला तर पॅनेल पुन्हा रंगवलेलं आहे. चारशे-पाचशेच्या पुढं असेल तर आत लांबी भरलेली आहे. गेज नसेल त्या दिवशी साधा लोहचुंबक लावून पाहा, लांबीवर तो नीट चिकटत नाही. एक ध्यानात ठेव, गेज सगळ्या थरांची बेरीज दाखवतं. त्यात क्लिअर किती, हे सांगत नाही. ऐंशीच्या आत आकडा आला तर मी कडक कंपाऊंड उघडतच नाही, मग मालक कितीही घाई करो.

आता बिघाड ओळखायचा. गाडी आधी शाम्पूनं धू, पूर्ण वाळव, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चांगलं पाणी मिसळून स्वच्छ मायक्रोफायबरनं पुस. अल्कोहोल मेडिकलच्या दुकानात मिळतं. ही पायरी कधी चुकवू नकोस. आधीच्या माणसानं तेलकट पॉलिश मारून ओरखडे बुजवून ठेवलेले असतात. ते निघाल्याशिवाय खरा चेहरा दिसत नाही. पुसायला थिनर, पेट्रोल, रॉकेल यातलं काही नको. रॉकेल तर स्वतःच तेलाचा पातळ पापुद्रा मागं सोडतं, आणि तू त्यालाच चमक समजून बसशील. गाडीवर नवा रंग असेल तर अल्कोहोलही लांबच ठेव.

मग गाडी सावलीत घे आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धर. दिव्याभोवती गोल जाळी दिसली, तर ते बहुतेक कोरड्या फडक्याचं काम असतं. आपल्याकडं सोयाबीनच्या मळणीत रस्त्याकडेची धूळ गाडीवर बसते, आणि ड्रायव्हर सकाळी उपरण्यानं ती झटकतो. तीच धूळ पॉलिश पेपरसारखी चालते. मशीनचा दोष वेगळा दिसतो. तू डोकं हलवलंस की लाटेसारखे पट्टे सोबत सरकतात, मशीन ज्या वाटेनं फिरलं त्याच वाटेनं. तो होलोग्राम. काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर तो भर उन्हात भयंकर दिसतो, पांढऱ्यावर वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. बारीक शेपटीसारखी वेटोळी दिसली तर पॅडखाली खडा आला होता. आणि कडेला, बॉनेटच्या घडीवर, दाराच्या कंगोऱ्यावर मंद पांढरट डाग आणि त्याभोवती पातळ कड दिसली, तर तिथलं क्लिअर उडालंय. त्यावर बोट फिरवून पाहा, ती कड नखाला जाणवते. खाली राखाडी दिसतंय का? मग बेस कोटही गेला, प्रायमर उघडा पडला.

होलोग्राम सुधारतो. उडालेलं क्लिअर कुठल्याही पॉलिशनं परत येत नाही. दुकानात बाटलीवर काहीही छापलेलं असो, हे मात्र पक्कं.

रंग नेमका कडेलाच का जळतो? ओला रंग वाळताना धारदार कडेपासून मागं ओढला जातो, म्हणून कडेवर थर मुळातच पातळ. त्यात सपाट जागी मशीनचं वजन पूर्ण पॅडवर पसरतं, आणि कंगोऱ्यावर ते सगळं एका रेघेवर येतं. एकाच जागी थांबलेलं रोटरी मशीन तिथं घर्षणानं ताप साठवतं. पत्रा निदान तो ताप पसरवतो, प्लॅस्टिकचा बंपर तेवढाही पसरवत नाही. आता यात ग्राइंडर घाल. होय, ग्राइंडर. वेल्डिंगच्या दुकानातला चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो, आणि त्यालाच लोकरी पॅड बांधून गाड्या रगडणारे लोक मी पाहिलेत. पॉलिशचं रोटरी मशीन सहाशेपासून तीन हजारांपर्यंत चालतं, आणि क्लिअरला त्यातही वरचा निम्मा वेग फारसा लागत नाही. ग्राइंडरनं पॉलिश करणाऱ्याकडं गाडी देणं म्हणजे पैसे देऊन रंग काढून घेणं.

होलोग्राम काढायचा तर साधं काम आहे, पण सबुरीचं. डीए मशीन घे, जे फिरताना थरथरतंही. त्यानं ताप कमी साठतो आणि नवे होलोग्राम पडत नाहीत. मऊ फोम आणि सगळ्यात बारीक पॉलिश यांनी सुरुवात कर. आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर करून बघ. बसलं तर सगळीकडं तेच कर. नाही बसलं तर एक पायरी कडक, आणि तेही त्याच कोपऱ्यात तपासून. उलट्या वाटेनं जाऊ नकोस. कडक कंपाऊंडनं सुरुवात करून मग बारीकानं पुसत येणारे खूप आहेत. बिघडलेल्या गाडीवर आधीच एक कडक हात बसलेला असतो, दुसरा कशाला? पॅडवर चार-पाच थेंब, जास्त नको. दीड-दोन फुटांचा चौकोन, मशीनचं स्वतःचं वजन पुरे, आडवे चार, उभे चार. हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं साफ कर, कारण उडालेल्या क्लिअरचा भुगा पॅडमध्येच बसतो आणि तोच पुढं ओरखडे पाडतो. मग अल्कोहोलच्या पाण्यानं पुसून टॉर्च लाव. तेलकट असताना बघितलंस तर सगळंच सुंदर दिसतं.

दोष किती काढायचा याला मर्यादा असते. सगळेच ओरखडे जायला हवेत असा हट्ट मालकाचा असतो, तुझा नसावा. नखाला लागणारा ओरखडा पॉलिशनं काढायचा म्हणजे आजूबाजूचं सगळं क्लिअर त्याच्या खोलीपर्यंत उतरवायचं. तो राहू दे. त्याच्या कडा मऊ झाल्या की लांबून दिसत नाही, तेवढ्यावर समाधान मानायला मालकाला शिकव. 2000, 3000 नंबरचा वॉटर पेपर क्लिअरवर चालवायची कला आहे, पण गेजवर भरपूर आकडा असल्याशिवाय आणि हात बसल्याशिवाय ती ग्राहकाच्या गाडीवर शिकायची नसते. भंगारातलं एखादं बॉनेट आणून ठेव. त्यावर रंग जाळून बघ, किती वेळात जळतो तेही बघ. एवढ्यात पुष्कळ कळेल.

वेळेचं सांगतो. वैशाखात आपल्याकडं पारा 42-43 वर जातो, आणि गडद बॉनेटचा पत्रा हाताला चटका देतो. हाताची मागची बाजू पत्र्यावर आरामात टिकली पाहिजे, तरच मशीन लाव. उन्हाळ्यात काम सकाळी उरकून घे, दुपारी पत्र्याच्या शेडखालीही नको. तापलेल्या रंगावर पॉलिश लगेच वाळतं, पुसताना चिकटतं, आणि तू ते काढायला अजून रगडतोस. आधी टेप लावायलाही आळस करू नकोस: कडा, कंगोरे, दिव्यांचे काठ, काळं प्लॅस्टिक, काचेचं रबर. त्या काळ्या प्लॅस्टिकवर वाळलेलं कंपाऊंड पांढरं पडून बसतं आणि मालकाला गाडीपेक्षा तेच आधी दिसतं. आधीच्या कुणी तसं केलेलं असेल तर मऊ टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन बस, पुष्कळसं निघतं.

बऱ्याच गाड्यांना मुळात मशीनची गरजच नसते. आपल्या बोअरचं पाणी जड. गाडी उन्हात धुऊन तशीच वाळू दिली की पांढरे गोल डाग उरतात. लोक त्यालाच रंग खराब झाला म्हणतात आणि रबिंग मागतात. पांढरं व्हिनेगर पाण्यात सौम्य करून लाव, मिनिटभर ठेव, धुऊन टाक. ताजे डाग जातात. जे क्लिअरमध्ये खोल उतरलेत तेच पॉलिशसाठी ठेव. दुसरं हळदीचं. नवी गाडी घरी आली की बॉनेटवर स्वस्तिक काढतात, लग्नात नवरदेवाच्या गाडीला हळदीचे हात लागतात, आणि हिंगोली-वसमतची हळद म्हणजे रंगाला कमी नाही. पांढऱ्या गाडीवर पिवळा डाग बसला की मालक कासावीस होतो. अरे, हळदीतला रंग उन्हात टिकत नाही. धुऊन गाडी काही दिवस उन्हात उभी ठेवायला सांग, डाग आपोआप फिका पडत जातो. कुंकवाचा मात्र भरवसा नाही, त्यात कसला रंग मिसळलाय कुणास ठाऊक. ते लगेच धुवायला सांगायचं. यात तुझं रबिंगचं बिल बुडतं, ते बुडू दे. तो माणूस पुढच्या खेपेला भावाची गाडीही तुझ्याकडंच आणील.

आता क्लिअर उडालेल्या गाडीकडं येऊ. इथं स्पष्ट बोलावं लागतं. बेस कोट उघडा पडला की ऊन त्याला खातं; काही महिन्यांत तो खडूसारखा भुकटी सोडायला लागतो आणि आजूबाजूचं क्लिअर कडेनं पापुद्र्यासारखं सुटतं. जागा नखाएवढी असेल आणि मालकाकडं आत्ता पैसे नसतील, तर बारीक ब्रशनं टचिंगचं क्लिअर लावून दे, वर मेण किंवा सीलंट, आणि गाडी सावलीत लावायला सांग. ते दिसायला सुंदर होणार नाही, पण बिघाड पसरायचा वेग कमी होतो. नीट इलाज एकच, पॅनेल पुन्हा रंगवणं.

रंगवतानाचं थोडक्यात. सिलिकॉनच्या पॉलिशचा अंश पत्र्यावर राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. म्हणून घासायच्या आधी डीग्रीझर, घासल्यावरही डीग्रीझर. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, कुठं इंजिनाच्या कप्प्यात, कुठं दाराच्या खांबाला. कोड तोच असला तरी पाच वर्षं उन्हात उभ्या गाडीचा रंग उतरलेला असतो, म्हणून आधी एका कार्डावर फवारून उन्हात जोडून बघ. बेस कोट डागापुरता विरळ करत नेता येतो, क्लिअर मात्र पॅनेलच्या कडेपर्यंत सलग मार. मध्येच थांबवलेल्या क्लिअरची कड आज गुळगुळीत दिसते आणि पुढं तिथूनच उठते. रंगवलेल्या पॅनेलवर मेण किंवा सिरॅमिक लावायला महिना-दोन महिने तरी थांब, आतलं थिनर बाहेर पडू दे.

आणि मास्क. हार्डनर घालून मारायच्या टू-के क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं की दमा लागतो, आणि एकदा लागला की पुढं थोड्याशा वासानंही उसळतो. नाकाला रुमाल बांधून हे अडत नाही; धूळ अडवणारा कापडी मास्कही नाही. वाफा शोषणाऱ्या डब्यांचा, तोंडावर घट्ट बसणारा मास्क लागतो, तोही डबे मुदतीत बदलून, आणि जिथं जमेल तिथं बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा. आपल्या पट्ट्यात उघड्यावर रुमाल बांधून फवारणारे चांगले हात मी खोकताना बघितलेत. शेजारी चहाची टपरी असेल तर तिथल्या लोकांनाही आधी सांग आणि वाऱ्याची दिशा बघ. मास्कचे पैसे नसतील तर रंगाचं काम घेऊ नकोस, वॉशिंग आणि पॉलिशवर दुकान चालव. यात मी काही सूट द्यायला तयार नाही.

दराचं बोलायचं तर आकडा गाडी बघितल्याशिवाय सांगू नकोस. फोनवर “रबिंग कितीला?” विचारणाऱ्याला एवढंच सांग, गाडी आणा, मोजतो, मग सांगतो. मोजायचे पैसे घेऊ नकोस. मोबाइलवर प्रत्येक दोषाचा फोटो काढ, मालकासमोर काढ, आणि गेजचे आकडे त्याला वाचून दाखव. कंगोऱ्यावर क्लिअर आधीच उडालेलं आहे हे तू हात लावण्याआधी त्यानं बघितलं, तर उद्या ते तुझ्या नावावर येत नाही. ज्या पॅनेलवर आकडा कमी आला तिथं काम करणार नाही हेही तेव्हाच सांग. काही जण रागावून दुसरीकडं जातील. जाऊ देत.

शेवटी एक काम माझ्यासाठी कर. काम झालं की गाडीच्या कागदपत्रांत एक चिठ्ठी ठेव: कुठल्या पॅनेलवर काम केलं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, कुठलं पॉलिश, तारीख. गाडी उद्या पुसदला विकली जाईल, परवा परभणीला. तिथल्या कारागिराला कोणी तरी तेवढं सांगितलेलं बरं.